पाणी सोडले

नायगाव, मुंबई
२१ नोव्हेंबर १९६६

सौ. वेणूवहिनीस,

पत्र मिळाल्याबरोबर आधी आबांना सांग की दादा शुद्धीवर आहे आणि पायाची सूज उतरते आहे. घोणस चावली ती जागा अजून काळीनिळी दिसते, पण हिरड्यांतून रक्त येत होतं ते थांबलं. पनवेलच्या दवाखान्यात दिलेल्या इंजेक्शनांनीच तो वाचला असं इथले डॉक्टर म्हणतात. तेव्हा उगाच रडत बसू नकोस. रडायचंच असेल तर मी आले की दोघी मिळून रडू, एकटीने काय मजा?

आता जरा काळजीचं. दादाला शुक्रवारपासून लघवी झालेली नाही. विषाने मूत्रपिंडांवर घाव घातला आहे, त्यांनी काम थांबवलं आहे. सर्पदंशात असं होतं म्हणे, आणि बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत ती आपली आपण जागी होतात. तोवर अंगातला मळ बाहेर जायला वाट नाही. म्हणून पाणी मोजून, दिवसाला जेमतेम दोन पेले. फळं नाहीत, डाळ नाही आणि मीठ तर अजिबात नाही.

मिठागरवाल्याला मीठ बंद! दादा आज भाताची पेज तोंडात घेऊन असा चेहरा करून बसला की मला हसू आलं. तुझ्या लग्नानंतरची पहिली आमटी आठवते का गं? मिठागराच्या घरात सून आणली आणि सून मीठच विसरली, असं मी सगळ्या पंगतीसमोर बोलले होते. आता दादा रोज तीच आमटी जेवतो आहे, असं त्याला म्हटलं. तो हसला. त्याला तेवढं हसू आलं हे तुला कळावं म्हणून लिहिते.

एक गोष्ट विचारायची आहे. चावल्यावर किती वेळाने दवाखान्यात नेलं आणि मधे काही पाजलं का, असं डॉक्टर दोनदा विचारून गेले. दादाला आणायला मी पनवेलला आले तेव्हा आबांनी आम्हाला बसमध्ये बसवताना 'तासाभरात नेला' असं सांगितलं होतं, तेच मी सांगितलं. बरोबर ना?

आमचे हे गिरणीतली पाळी संपली की हॉस्पिटलात जातात, दिवसभर मी असते. आबांनी जेवावं. भामीला माझा पापा.

तुझी चंद्रा

*

आगरावरून, पनवेल
२३ नोव्हेंबर १९६६

वन्सं यांस वेणूचा नमस्कार.

पत्र कालच मिळालं. आबांना वाचून दाखवलं. ते कोयता घेऊन बांधावरचं गवत काढायला गेले.

होय, तासाभरात नेलं होतं.

सुकापूरच्या मामांनी उरलेलं भात कापून घेतलं. ज्या पेंढीखाली घोणस होती ती पेंढी तशीच टाकून दिली आहे. आगराचे वाफे चोपून झाले, पाणी घेतलेलं नाही. हे विचारतील म्हणून लिहिते.

लिहायला लाज वाटते, पण यांना लघवी झाली की नाही ते आधी लिहा, मग बाकीचं लिहा. भामी रोज विचारते, बाबा कधी येतील. मी तिला सांगते, उधाण आलं की येतील.

आमटीचं मी विसरले नाही.

वेणू

*

(पोस्टकार्ड)
२४ नोव्हेंबर

वहिनी, घाईत लिहिते, हे पेटीत टाकायला निघालेत. लघवी अजून नाही. आज सकाळी डॉक्टरांनी पाणी सोडले. आता दोन दिवस बघायचे, बाकी देवाच्या हाती. सविस्तर मागाहून. चंद्रा.

*

आगरावरून, पनवेल
२६ नोव्हेंबर १९६६

वन्सं,

कार्ड काल आलं. मी ओट्यावर उभी राहून मोठ्याने वाचत होते. 'डॉक्टरांनी पाणी सोडले' इथवर वाचलं आणि मला पुढचं दिसेना. आबा उठले, बांधावर गेले आणि खाडीचं पाणी आत घ्यायच्या उघाडीची फळी घट्ट ठोकून तिच्यावर बसून राहिले. कालपासून अन्न घेतलेलं नाही. डॉक्टरांनीच पाणी सोडल्यावर मी कोणाला काय सांगू? बातमी आळीभर झाली. गुणाबाई काकू येऊन माझ्या शेजारी बसल्या. माझ्या बांगड्यांकडे बघत होत्या. मी हात पदराखाली घेतले. वन्सं, मी ते अजून बाहेर काढलेले नाहीत.

आता लपवून काय करायचं? मी खोटं लिहिलं होतं. यांना तासाभरात नेलं नव्हतं. गुरुवारी सकाळी घोणस चावली, तेव्हा आबांनी यांना कर्नाळ्याच्या पायथ्याकडे भगताकडे नेलं. भगताने पाय करकचून बांधला, कसलीशी मुळी उगाळून दोन वेळा पाजली आणि विष उतरलं म्हणाला. शुक्रवारी दुपारी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा आम्ही पनवेलला आलो. मी दवाखाना दवाखाना म्हणत होते, पण आबांपुढे माझा आवाज चढला नाही. आबांनी नंतर कोणाला सांगू नको म्हटलं नव्हतं. नुसतं माझ्याकडे बघितलं, म्हणून मी नाही सांगितलं.

आबा म्हणतात, पोराला मीच मारला. एवढं एकच वाक्य बोलले.

यांचं अजून काही ऐकू येत असेल तर कानात सांगा, वेणू येते आहे. उद्या-परवा कोणी बरोबर मिळालं की ठाण्यावरून एसटीने निघते. मला यांचं तोंड बघायचं आहे.

वेणू

*

नायगाव, मुंबई
२७ नोव्हेंबर १९६६

वहिनी, वहिनी, वहिनी,

आधी बांगड्या बाहेर काढ. किणकिण वाजव त्या गुणाबाईच्या कानाशी. दादा जिवंत आहे, आज सकाळी त्याने मला 'चंद्रे, तुझी बडबड बंद कर' असं म्हटलं.

माझ्या हाताला आग लागो! पाणी सोडलं म्हणजे आशा सोडली असं नव्हे गं! मी आगराची मुलगी, माझ्या डोळ्यांपुढे बाटलीतून नळीने पाणी दादाच्या पोटात जात होतं, आणि आबा उघाडी उचलून वाफ्यात पाणी सोडतात तेच मला दिसलं. जे दिसलं ते लिहिलं. दुसरा अर्थ मनातही आला नाही. तुम्ही दोन दिवस काय काढले असतील, या विचाराने मला जेवण गेलं नाही. मला माफ कर. हे पत्र मोरा बंदराच्या लाँचने तिकडे येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर देते आहे, म्हणजे तू निघायच्या आत पोचेल.

आता नीट सांगते. आबांना जवळ बसवून वाच.

मीही तुझ्यापासून लपवलं होतं. माझ्या पहिल्या पत्रानंतर दादा बिघडत गेला. सारखी उचकी, तोंडाला मोरीसारखा वास, अंगावर सूज, आणि बुधवारी त्याने मला ओळखलं नाही. रक्तात घाण साठली होती. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं काम करेनात तर दुसऱ्या वाटेने ती काढू. ही तऱ्हा इथे नवीन आहे, थोड्याच लोकांवर करतात.

बेंबीच्या खाली दोन बोटं, जागा बधिर करून बारीकसं भोक पाडलं आणि त्यातून भोकाभोकांची नळी आत सरकवली. आतड्यात नव्हे हं, आतड्याच्या बाहेर पोटाची जी पोकळी असते तिच्यात. वर काचेच्या दोन बाटल्या उलट्या टांगतात, प्रत्येकीत एक लिटर पाणी. साधं नाही, मीठ आणि साखर मापून घातलेलं. बादलीतल्या गरम पाण्यात बाटल्या ठेवून अंगाइतक्या कोमट करतात, नाहीतर पेशंट कुडकुडतो. दहा मिनिटांत पाणी आत. मग चिमटा लावून अर्धा तास तसंच ठेवायचं. मग त्याच बाटल्या खाली जमिनीवर ठेवायच्या, चिमटा काढायचा, की पाणी आपल्या पायाने परत बाटल्यांत उतरतं. ते ओतून द्यायचं, नवीन बाटल्या लावायच्या. असं तासातासाला, दिवसरात्र दोन दिवस.

मी डॉक्टरांना विचारलं, नुसतं पाणी आत-बाहेर करून घाण कशी जाते? डॉक्टर तरुण आहेत, पण मूर्ख प्रश्नालाही चिडत नाहीत. ते म्हणाले, पोटाच्या आतून एक पातळ पडदा असतो, आतड्यांवरूनही तोच गुंडाळलेला. पडद्यात रक्ताच्या बारीक बारीक नळ्या. एका अंगाला घाणीने भरलेलं रक्त, दुसऱ्या अंगाला स्वच्छ पाणी. घाण पडद्यातून झिरपून पाण्यात येते, रक्त मात्र पलीकडेच राहतं. थोड्या वेळाने पाणीही घाणीने भरतं, मग आणखी येत नाही. म्हणून बदलायचं. आणि साखर का? तर कैरीला मीठ लावलं की पाणी सुटतं ना, तसं ते साखरेचं पाणी अंगातलं जास्तीचं पाणी ओढून घेतं. दोन लिटर आत गेलं की सव्वादोन बाहेर येतं. सिस्टर प्रत्येक वेळी मापून कागदावर लिहितात.

शुक्रवारी दुपारी उचकी थांबली. काल सकाळी तो माझ्याकडे बघून म्हणाला, 'वेनू खय?' मी म्हटलं, आगरावर. तर म्हणाला, 'पानी घेतलं काय?' बाई गं, मरता मरता वाचलेला माणूस बायकोनंतर लगेच आगराचं विचारतो.

लघवी अजून नाही. हे पाणी म्हणजे मूत्रपिंडं बरी करण्याचं औषध नव्हे. ती झोपली आहेत तोवर त्यांचं काम करणारा बदली कामगार, एवढंच. घाण पुन्हा साठेल, मग पुन्हा पाणी सोडावं लागेल.

भगताचं डॉक्टरांना सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी मुळी कसली, किती पाजली हे लिहून घेतलं आणि म्हणाले, 'आता कळलं, बरं झालं. वडिलांना सांगा, घाबरलेला माणूस जवळचं दार ठोठावतो.' आबांना हे दोनदा वाचून दाखव.

आणि तू आत्ता येऊ नकोस. पोटात भोक आहे तोवर तिथे जंतू शिरण्याची भीती, म्हणून गर्दी चालत नाही. मला वहिनी म्हणून नव्हे, माणूस म्हणून तुझी गरज आहे, पण आबांना तुझी जास्त आहे.

तुझी मूर्ख चंद्रा

*

आगरावरून, पनवेल
३० नोव्हेंबर १९६६

(आबा सांगतात तसं लिहिते आहे. वेणू.)

चि. चंद्रावतीला बापाचा आशीर्वाद.

पोरी, तुजं पत्र वेनूनं वाचून दाखवलं. तीन वेला वाचाला लावलं. पोटातला पडदा काय तो मना कलला नाय, पन पान्याचं मना सगलं कलतं. साठ वर्सं तेच केलं. पानी घ्याचं, थोपवाचं, सोडाचं. मीठ धरलं का खाली कडू पानी रातं, ते येलेवर काडलं नाय तर अख्खं मीठ कडू होतं. डॉक्टर तेच करतोय. डॉक्टर आगरी हाय काय?

आता मी इचारतो ते त्याला नीट इचार. एक, पानी अर्धा तासच का ठेवता? आमी जास्त थोपवतो. दोन, सगलं कडू पानी भायेर येतं का तलाशी रातं? तीन, आत गेलेलं पानी भायेर आलं नाय, तुंबलं, तर काय करता? आमच्यात तुंबलं तर आधी नलीच्या तोंडाशी चिकल, गाल बगतो. गाल नसला तर वाफ्याचा उतार बगतो. पानी उताराला पलतं, त्याला जोर करून चालत नाय. काशिरामला कुशीवर वलवा, पानी येल.

मी आता जेवतो. उघाडीवरून उठलो. पन फली काडली नाय. सगली आगरं अमावस्येला पानी घेतील, आपलं नाय घेनार. काशिराम येल आनि घेल.

भगताचं तुला कललं. मी काय बोलू? तो लान होता तवापास्नं विंचू चावला तरी मी त्याला थयंच नेला. मना दुसरी वाट म्हाईत नवती. डॉक्टरला सांग, मना राग नको भरू.

(आबा इथे थांबले. एवढंच लिही म्हणाले. वेणू.)

*

नायगाव, मुंबई
४ डिसेंबर १९६६

सौ. वेणूवहिनीस,

तुझ्या आणि आबांच्या पत्राची काय वरात निघाली ऐक.

गुरुवारी दादाला दुसऱ्यांदा पाणी सोडलं. पहिल्या तीन खेपा नीट आल्या. चौथ्या खेपेला दोन लिटर आत गेलं ते परत येईना. बाटल्या जमिनीवर रिकाम्या. दादाचं पोट टम्म, तो ओठ चावून पडलेला. मी बाहेर दाराशी देवाचं नाव घेत उभी. सिस्टरने नळी हलवून पाहिली, मग दादाला हळूच डाव्या कुशीवर वळवलं, उशी लावली, आणि पाणी खळखळ येऊ लागलं! घरी येते तर दारात तुमचं पत्र, 'काशिरामला कुशीवर वलवा.' 

दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन गेले आणि डॉक्टरांना वाचून दाखवलं, आबांच्याच भाषेत. 'डॉक्टर आगरी हाय काय' याला ते इतके हसले की सिस्टर बघायला आल्या. मग गंभीर झाले आणि म्हणाले, या म्हाताऱ्यांना माझी उत्तरं कळवा. एक, अर्ध्या तासानंतर पाणी घाणीने भरत येतं, मग ठेवण्यात वेळ जातो. आबांना मीठ धरायला थांबायचं असतं, आम्हाला घाण काढायची घाई असते. दोन, थोडं तळाशी राहतंच, ते पुढच्या खेपेत येतं. तीन, तुमचं बरोबर आहे. उतार बघायचा, जोर करायचा नाही. 'मला हे शिकायला वर्षं लागली,' असंही म्हणाले. आणि राग अजिबात नाही, असं खास सांगायला सांगितलं.

एवढं गोड लिहिलं, आता कडू लिहिते. आपण खरं लिहायचं असं मी ठरवलं आहे.

आज सतरावा दिवस. लघवी नाही. दिवसाकाठी चमचाभर, तीही लालसर. मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, मूत्रपिंडं जागीच झाली नाहीत तर?  ते म्हणाले, सारखं पोट टोचून चालत नाही, कधीतरी आत पू होतो, मग हा उपायही हातचा जातो. कायमची निकामी झालेली मूत्रपिंडं असलेल्या माणसाला वर्षानुवर्षं जगवण्याची सोय आज आमच्याकडे नाही. आणखी दोन आठवडे वाट बघण्यासारखी आहे. एवढं सांगून ते वॉर्डात गेले.

दादाला हे सांगितलेलं नाही. पण त्याला कळतं. सिस्टर बाटलीत पाणी मापतात तेव्हा तो बाटलीकडे बघत नाही, सिस्टरच्या तोंडाकडे बघतो. मला भीती वाटते, वहिनी. खूप भीती वाटते. हे तुझ्याशिवाय कोणाला लिहू?

चंद्रा

*

आगरावरून, पनवेल
७ डिसेंबर १९६६

वन्सं,

खरं लिहिलंत, बरं केलंत. वाचून रडले, पण पायाखाली जमीन आहे असं वाटलं. आबांना दोन आठवड्यांचं वाचून दाखवलं नाही, डॉक्टरांच्या उत्तरांचं दाखवलं. ते आता आळीत सगळ्यांना सांगत फिरतात की मुंबईचे डॉक्टर मला विचारून पाणी सोडतात. गुणाबाई काकूंनाही सांगून आले.

मी बरी आहे. बारीक झाले म्हणतात, तर कामाने झाले. जेवते मी.

यांना सांगा, उघाडी बंद आहे आणि फळीला मी काल तेल लावलं. सांगा, वेणू काही मागत नाही. नवस केला नाही, देवाला अडवून धरलं नाही. नुसती वाट बघते आहे, आणि वाट बघायचा मला कंटाळा येत नाही.

वेणू

*

मुंबई, हॉस्पिटलातूनच
१२ डिसेंबर १९६६

वहिनी! वहिनी! तुझ्या पहिल्या पत्रातली आज्ञा पाळते. आधी तेच लिहिते.

झाली! लघवी झाली!

शुक्रवारी तिसऱ्यांदा पाणी सोडलं होतं, ते काल सकाळी संपलं. त्याच्या आतच शनिवारी अर्धा पेला झाली. काल अर्धी बाटली. आज सकाळपासून आत्ता दुपारपर्यंत दीड लिटर, आणि थांबायचं नाव नाही! पांढरी स्वच्छ. सिस्टर भांडं उचलून खिडकीतल्या उजेडात धरून बघत होत्या, आणि मी, सात इयत्ता शिकलेली बाई, चारचौघांत टाळ्या पिटत होते. आयुष्यात एवढ्या आनंदाने कोणाच्या लघवीकडे बघेन असं वाटलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, जागी झाली. आता उलट जास्त होईल, म्हणून पाणी भरपूर पाजा. दोन पेल्यांवरून एकदम तांब्याच्या तांब्या! दादा पाणी पितो आणि रडतो, पितो आणि रडतो.

तार करणार होते. हे पोस्टात निघालेही. मग मी मागे धावले. तार बघून आळीत काय होईल ते कळण्याइतकी शहाणी आता मी झाले आहे. आणि तारेत लिहिणार काय? पाणी सुटले?

पोटातली नळी काढली. भोक दोन टाक्यांत बुजलं. आठ-दहा दिवसांत सोडतील. पुढे आणखी दोन-तीन आठवडे अळणी, मग पुन्हा दाखवायला यायचं. दादा चार ओळी लिहितो म्हणतो, तो पडल्या पडल्या लिहिणार, तेव्हा नीट लावून वाच.

चंद्रा

वेणू, फळीला तेल लावलंस ते कळलं. माझ्या वाटचं पाणी मी आलो की घेईन. इथल्या अळणी पेजेने तुझी पहिली आमटी आठवते. त्या दिवशी मला ती अळणी लागली नव्हती, सांगायचं राहिलं. आबांना सांग, भगताकडे नेलं त्याचं मला काही आठवत नाही. एकच आठवतं, गाडी चढावर अडली तेव्हा आबांनी मला पाठीवर घेतलं होतं. एवढा मोठा झाल्यावर. तेवढंच आठवतं. काशिराम.

*

आगरावरून, पनवेल
१२ जानेवारी १९६७

(आबा सांगतात, मी लिहिते. वेणू.)

चि. चंद्रावतीला बापाचा आशीर्वाद.

पोरी, अमावस्येचं उधान आलं. सगल्या आगरांचं पानी मयन्याआधीच घेऊन झालंय, त्यांचं मीठ आपल्याआधी धरल. धरू दे. परवा सकाली भरती चडली तवा काशिराम उघाडीवर गेला. मी बोललो, फली जड हाय, मी उचलतो. तो बोलला, आबा, तुमी नुसते उबे रावा. मी उबा रायलो. हात लावला नाय. त्यानं फली वर काडली आनि खाडीचं पानी आत आलं. भामी वरडली, बाबांनी पानी सोडलं, बाबांनी पानी सोडलं! गुनाबाय बांधावर उबी होती, तिनं पदर तोंडाला लावला. सगल्या बाया हसाला लागल्या. मग मी बी हसलो.

तुज्या डॉक्टरला सांग, पयलं मीठ आलं का गाठोडं पाठवीन. त्याला सांग, काशिराम दाखवाला आला तवा तुमी मीठ खा बोललात, त्या दिसापास्नं घरात सन हाय.

आता आनि एक लिव. लिव गं.

(हे मी लिहिणार नव्हते. आबा म्हणतात, लिहिलंच पाहिजे.)

तुजं पयलं पत्र आलं, काशिरामला मीठ बंद केलंय म्हनून, त्या दिसापास्नं ही पोर आलनी जेवत होती. मना आनि भामीला मिठाची आमटी येगली, हिची येगली. मना पत्ता नाय. काशिराम घरी आला तवा मना वाटलं, त्याच्यासाठी केलेलं तीच खाते. परवा भामी बोलली, आय पयल्यापास्नंच तशी खाते. पन्नास दिस. मिठाच्या आगरात रावून पन्नास दिस. मी इचारलं, नवस होता काय? तर बोलते, नवस नवता, घास उतरत नवता.

(खरंच काही मोठं नव्हतं, वन्सं.)

काल तिनं पयल्यांदा आपल्यासकट सगल्यांची एकच मिठाची आमटी केली. चौगांना मीठ किती, तिचा हात इसरला होता. डबल पडलं. काशिराम, मी, भामी, तिगं बी जेवलो. कोनी काय बोललं नाय. तू येशील तवा तू बी बोलू नको.